भागा नदीच्या काठी बर्फात अडकलेला नाताळ

रानवाट (धागा सुरू करणारी)

डिसेंबर उजाडला की आमच्या चौघांच्या गप्पांत एकच विषय निघतो, आणि हे सगळे एकदा नीट लिहून ठेवायला हवे, असे दरवर्षी कोणीतरी म्हणतेच. यंदा ते काम मी अंगावर घेतले आहे. या मंचावर हिमालयात हिवाळा काढलेले बरेच जण आहेत, त्यांनी आपापले अनुभव इथे जोडावेत, अशी विनंती आहे.

मनालीजवळचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या एका हिवाळ्यातली ही गोष्ट. त्याआधी डिसेंबरात हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात जाण्याचा बेत आमच्यासारख्यांनी आखलाच नसता, कारण ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की खोऱ्याचा रस्ता जवळपास सहा महिने तुटत असे. आता ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यातून दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाता येते. कॉलेजपासूनचे आम्ही चौघे, दोघे पुण्याचे, एक नाशिकचा आणि एक मैत्रीण वसईची, केलाँगच्या पुढे भागा नदीच्या काठी असलेल्या गेमूर गावात एका घरी दोन रात्रींसाठी उतरलो. २३ डिसेंबरच्या सकाळी निघायचे, रात्रीच्या बसने दिल्ली गाठायची, दुसऱ्या दिवशी विमानाने मुंबई आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला मैत्रीण वसईत हजर, असा हिशेब होता. तिच्या आयुष्यातला एकही नाताळ आईशिवाय गेलेला नव्हता.

२२ तारखेच्या रात्री बर्फ पडू लागले. सकाळी अंगणात उभ्या असलेल्या गाडीची चाके दिसत नव्हती आणि संध्याकाळपर्यंत गाडी कुठे आहे हे फक्त तिच्या छतावरच्या कॅरियरवरून कळत होते. वीज पहाटेच गेली होती. दुपारनंतर मोबाइलचा मनोराही बंद पडला. घरमालकांनी, ज्यांना आम्ही पहिल्या दिवसापासून भैया म्हणत होतो, सकाळीच दाराबाहेर एक नजर टाकून सांगितले होते की चार-पाच दिवसांचा विचार मनातून काढून टाका आणि आत येऊन बसा.

गाव निम्मे रिकामे होते. लाहौलमधील बऱ्याच कुटुंबांची कुल्लूकडे दुसरी घरे आहेत, आणि म्हाताऱ्यांना, मुलांना घेऊन ती हिवाळ्यात तिकडे उतरतात. या घरात मात्र भैया, त्यांची पत्नी, सहावीतला मुलगा आणि ज्यांना आम्हीही आजीच म्हणू लागलो त्या भैयांच्या आई, असे सगळे मागे राहिले होते, कारण खालच्या मजल्यावर दोन गाई आणि काही मेंढ्या होत्या. माणसे वर राहतात आणि जनावरे खाली, अशी तिकडची जुनी बांधणी आहे. हिवाळ्यात सगळे घर एकाच खोलीत येऊन राहते, खोलीच्या मध्यभागी पत्र्याची शेगडी असते, तिला तिकडे तंदूर म्हणतात, आणि तिच्या भोवतीच स्वयंपाक, जेवण, अभ्यास, झोप सगळे चालते.

पहिले दोन दिवस आम्ही बर्फच काढत होतो. छपरे सपाट आणि मातीची असल्यामुळे त्यांवर बर्फ साठू देता येत नाही, वजनाने तुळया वाकतात आणि वितळलेले पाणी आत झिरपते. लाकडी फावड्याने कडेपर्यंत ढकलत न्यायचे आणि खाली लोटायचे. एक छप्पर साफ होईपर्यंत पहिल्या कोपऱ्यात पुन्हा वीतभर थर साचलेला असायचा. शेजारची दोन घरे बंद होती, त्यांची छपरेही भैयाच साफ करत होते, आणि त्याबद्दल त्यांनी काही बोलून दाखवावे असे त्यांना वाटलेही नाही.

२४ तारखेला दुपारी मैत्रीण एकदम गप्प झाली. रडली नाही, पण बंद फोन हातात घेऊन बसून राहिली. मग तिने पिशवीतून एक डबा काढला. आईने प्रवासासाठी दिलेले कलकल त्यात होते, वसईहून निघताना भरलेला डबा जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. हा नाताळचा फराळ असून तो आज सगळ्यांनी मिळून खायचा असतो, एवढेच ती म्हणाली. त्या एका वाक्यावर घर कामाला लागले. सहावीतल्या मुलाने विलोच्या काड्या आणल्या, जुन्या वह्यांची पाने निघाली, कणकेची खळ शिजली, आणि आकाशकंदिलासारखा तारा बांधायला सुरुवात झाली. कागद पुरला नाही म्हणून त्याला नऊच टोके झाली. तेलाचा दिवा आत ठेवणे धोक्याचे होते, म्हणून डोक्याला बांधायची विजेरी आत अडकवली. वहिनींनी, म्हणजे भैयांच्या पत्नीने, मारचू तळले, हा मैद्याचा तळलेला पदार्थ त्या भागात सणालाच करतात. बटाट्याची भाजी होती, आणि खारट लोण्याचा चहा होता.

रात्री मैत्रिणीने विचारले की गोठ्यात जाऊन बसता येईल का. वसईला घरोघरी नाताळची गव्हाणी करतात, गवत आणतात, मातीच्या मूर्ती मांडतात, पण खऱ्या गव्हाणीजवळ तिने नाताळ कधी केला नव्हता. आम्ही तारा घेऊन खाली उतरलो. त्या गोठ्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. गाईंच्या श्वासाची वाफ वर जाऊन तुळईतल्या लोखंडी खिळ्यांवर गोठली होती, आणि प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर कापसाच्या बोंडासारखा हिमाचा पांढरा गोंडा आला होता. विजेरीच्या प्रकाशात त्या सगळ्या तुळईवर ओळीने गोंडे दिसत होते. मैत्रिणीने तिच्या पॅरिशमध्ये म्हणतात ती दोन मराठी नाताळगीते म्हटली, आवाज अगदी हळू ठेवून, कारण मेंढ्या बिचकत होत्या.

आजीही खाली आल्या होत्या. गाणे कशाचे आहे, असे त्यांनी विचारले. मैत्रिणीने हिंदीत सांगितले, भैयांनी त्यांच्या बोलीत सांगितले. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, की त्या गावात बाळंतिणीसाठी कोणीच दार उघडले नाही का. भैयांनी तो प्रश्न आम्हाला हिंदीत सांगितला, आणि मैत्रिणीला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी तिला स्वतः विणलेले लोकरी मोजे दिले. वरच्या भागात लाल, हिरव्या आणि पिवळ्या रंगांत आठ टोकांच्या ताऱ्यासारखी नक्षी होती. मुलगा म्हणाला, मोजे विणायला आमच्या गावच्या बायकांना फार पूर्वी मिशनच्या मेमने शिकवले. आम्हाला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. रस्ता २८ तारखेला सुटला आणि आम्ही परत आलो.

आम्ही चौघे इतकी वर्षे हा किस्सा ‘काहीही नसताना केलेला नाताळ’ असा सांगत आलो आहोत. हल्ली मला ते सांगणे चुकीचे वाटते, आणि का चुकीचे वाटते ते इथल्या जाणकारांशी बोलून नीट समजून घ्यायचे आहे.

निर्मळतळे

मी वसईचाच आहे, त्यामुळे डब्याचा उल्लेख वाचून थांबावे लागले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कलकलांचे पीठ नारळाच्या दुधात भिजवतात, सुपारीएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळतात, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. हे काम एकट्याने करायचे नसतेच. डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी घरातली आणि शेजारची सगळी माणसे परातीभोवती बसतात आणि लहान मुलांच्या वाकड्यातिकड्या कलकलांनाही तेवढाच मान असतो. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीने डबा उघडला तेव्हा तिच्यासमोर आख्खे घर उघडले असणार. नेवऱ्या बरोबर नेल्या असत्या तर खोबऱ्यामुळे इतके दिवस टिकल्या नसत्या, कलकल टिकतात. तिच्या आईने विचार करूनच ते दिले असतील.

तिने कोणती गीते म्हटली, ते सांगता आले तर सांगा.

जुनीवही

त्या मुलाने जे सांगितले ते खरे आहे, आणि तुम्ही जिथे होतात तिथून थोडे खाली केलाँगला त्याचा उगम आहे.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात हेर्नहुट नावाचे गाव आहे, तिथल्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे हाइडे आणि पागेल हे दोन मिशनरी १८५३ मध्ये हिंदुस्थानात यायला निघाले. त्यांना तिबेटमार्गे मंगोलियात जायचे होते. तिबेटात प्रवेश मिळाला नाही, पुढची वाट बंद झाली, आणि १८५६ मध्ये त्यांनी केलाँगला मुक्काम केला. म्हणजे त्या खोऱ्यातले पहिले नाताळ साजरे करणारेही एका अर्थाने अडकलेलेच होते, फक्त त्यांचा रस्ता पाच दिवसांनी सुटला नाही. हाइडे तिथे चाळीसहून अधिक वर्षे राहिले. १८५७ मध्ये त्याच पंथाचे येश्के आले, ज्यांनी तिबेटी भाषेचा कोश केला आणि नव्या कराराच्या तिबेटी भाषांतराचे मोठे काम केले. त्यांच्याकडे शिळाप्रेस होता आणि पुस्तिका केलाँगमध्येच छापल्या जात.

१८५९ मध्ये या तिघांसाठी युरोपातून तीन वधू आल्या. त्यांपैकी मारिया हाइडे यांचा जन्म दक्षिण अमेरिकेतील सुरिनामचा, कारण त्यांचे आईवडीलही मिशनरीच होते. त्यांनी लाहौलच्या बायकांसाठी विणकामाचे वर्ग चालवले. तिथल्या बायका लोकर कातत, पण सुयांवर मोजे विणणे ही नवी गोष्ट होती. आज लाहौली मोजे आणि हातमोजे यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्यावरची नक्षी त्या बायकांनी स्वतःची केली आहे, जर्मनीची नव्हे. हाइडे दांपत्याची काही मुले लहानपणीच गेली आणि केलाँगलाच पुरली गेली. ती माती सोडून ते चार दशके हलले नाहीत, हे लक्षात ठेवून त्या मोज्यांकडे पाहावे असे मला वाटते.

बटाट्याची लागवड आणि खोलीच्या मध्यभागी ठेवायची पत्र्याची शेगडी, या दोन्ही गोष्टी मिशनऱ्यांनीच आणल्या, असे लाहौलमध्ये सर्रास सांगितले जाते. धर्मांतर फार थोड्यांनी केले आणि १९४०च्या सुमारास केलाँगचे केंद्र बंद झाले. प्रार्थनेची जागा राहिली नाही, पण मोजे राहिले.

ताऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाताळात लावायचा अनेक टोकांचा कागदी तारा मोरेव्हियन पंथाच्याच नीस्की येथील शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुलांना भूमिती शिकवताना तयार झाला. वहीच्या पानांचा तारा करण्याची सुरुवात शाळेतूनच झालेली आहे, हे तुमच्या त्या सहावीतल्या मुलाला अवश्य कळवा.

ओसरी

लेखन मनापासून आवडले, तरीही एक प्रश्न विचारते, आणि तो टोचण्यासाठी विचारत नाही. माझे माहेर कोकणातले आहे आणि पावसाळ्यात दरड कोसळून आमच्याकडे अनेकदा पाहुणे अडकलेले आहेत. अशा वेळी पाहुण्यांना तो मुक्काम फार रम्य वाटतो, आणि घरची बाई मनातल्या मनात तांदूळ मोजत असते. तिकडे तर वर्षातून एकच पीक निघते आणि लाकूडफाटा शरद ऋतूत साठवावा लागतो. चार जादा माणसे पाच दिवस, म्हणजे त्या घराच्या हिवाळ्याच्या बेगमीतून नेमके काय गेले, याचा तुम्ही हिशेब केला होता का? साधेपणा पाहुण्यांना वाटला, त्या घराला तो कसा पडला?

पहाडवारा

नोकरीच्या निमित्ताने हिमाचलात तीन हिवाळे रस्त्याच्या कामावर काढले आहेत, म्हणून अडकण्याच्या बाजूने थोडे लिहितो.

बोगदा झाल्यामुळे खिंड टळली, हिवाळा टळलेला नाही. बोगद्याची दोन्ही तोंडे ३,००० मीटरच्या वर आहेत. दक्षिणेकडे सोलंगपासून बोगद्यापर्यंतचा रस्ता आणि उत्तरेकडे सिस्सूपासून केलाँगकडे जाणारा रस्ता हिमकड्यांच्या उतारांखालून जातो. बर्फ थांबून लख्ख ऊन पडले की पर्यटकांना वाटते आता निघावे, आणि नेमकी तीच वेळ वाईट असते, कारण ऊन लागून नवा थर जुन्या थरावरून सुटतो आणि दुपारी हिमलोट खाली येतात. म्हणून आम्ही पहाटे, थंडीने सगळे घट्ट धरलेले असताना, यंत्रे बाहेर काढत असू. डोझर मोठा थर बाजूला लोटतो, स्नोब्लोअर उरलेले बर्फ दूर फेकतो, आणि मग एकाच गाडीपुरती वाट मोकळी होते. त्या वाटेवरही आधी साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सोडतात. रात्री डिझेल गोठते ते वेगळेच.

आमच्या एका सहकाऱ्याने घाई केलेल्या एका गाडीतली माणसे रात्रभर शोधली होती, ती सापडली, पण त्याच्या दोन बोटांची संवेदना कायमची गेली. तुमच्या भैयांनी आत बसा म्हटले आणि तुम्ही बसलात, यामुळे कोणालातरी जीव धोक्यात घालून तुम्हाला शोधायला यावे लागले नाही. ओसरीताईंच्या प्रश्नाच्या जमाखर्चात ही जमेची बाजूही धरावी.

रानवाट

ओसरीताई, हाच प्रश्न मला हवा होता, म्हणून सविस्तर उत्तर देते.

हिशेब तेव्हा केला नव्हता, परत आल्यावर केला. लाकूड सर्वांत मोलाचे होते. एरवी ते कुटुंब रात्री नऊनंतर तंदूर विझू देत असे, आम्ही होतो म्हणून वहिनी मध्यरात्री उठून एक-दोन ओंडके टाकत. हे मला चौथ्या रात्री कळले, कारण त्या रात्री मला जाग आली आणि त्या अंधारात हाताने चाचपून लहान ओंडका निवडताना दिसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून झोपण्याची खूण केली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे एकत्र, जास्तीच्या गोधड्या घेऊन झोपू लागलो आणि रात्री शेगडीत काही टाकू नये, असे सांगितले.

बटाटे घराच्या मागे खड्ड्यात मातीखाली पुरलेले होते, ते गोठू नयेत म्हणून. नाताळच्या जेवणासाठी भैयांनी बर्फ उपसून तो खड्डा उघडला, आणि एकदा उघडलेला खड्डा भर थंडीत पुन्हा तसाच बंद करणे सोपे नसते. मारचूसाठी लागलेले तेल आणि मैदा त्यांनी स्वतःच्या सणासाठी, म्हणजे जानेवारीतल्या हालड्यासाठी, राखून ठेवलेला होता. हे वहिनींनी सांगितले नाही, मुलगा बोलून गेला.

पाच दिवसांचे पैसे आम्ही दिले, भैयांनी जादा रात्रींचे घ्यायला नकार दिला, आणि बराच वेळ विनवल्यावर निम्मे घेतले. वसंतात रस्ता पूर्ण सुरू झाल्यावर आम्ही मनालीच्या दुकानदारामार्फत तेल, मैदा आणि डाळी पाठवल्या. त्याने फिट्टंफाट झाली असे मी म्हणणार नाही, कारण जी वस्तू हिवाळ्यात खर्च झाली ती उन्हाळ्यात परत देणे ही तीच परतफेड नव्हे.

जुनीवही, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी सर्वांत आधी वसईला फोन केला. आपण ज्या रात्री म्हणत होतो की जवळ काहीच नाही, त्या रात्री पायात, ताटात आणि शेगडीत त्या खोऱ्याचा दीडशे वर्षांचा साठा होता, असे मी तिला म्हणाले. ती बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, मारिया हाइडेला पहिल्या नाताळला आईची किती आठवण आली असेल.

निर्मळतळे, गीते तिच्या पॅरिशमधल्या गायकवृंदाची आहेत, छापलेली नाहीत, म्हणून शब्द इथे देत नाही. तिच्या आईला २८ तारखेला सिस्सूजवळ नेटवर्क आल्यावर फोन लागला. आईने पहिला प्रश्न विचारला, डबा संपला का.

लेहकाठ

आम्ही नोकरीमुळे लेहला दोन हिवाळे काढले, त्यातल्या एका नाताळला विमाने सलग रद्द होऊन अडकलो होतो. तिथे मोरेव्हियन मिशन १८८५ पासून आहे आणि चर्च आजही चालू आहे. प्रार्थना लडाखी भाषेत होते. डिसेंबरातच बहुधा बौद्धांचा गाल्दन नामचोत येतो, त्या रात्री घराघरांवर आणि गोंपांवर, म्हणजे बौद्ध मठांवर, दिव्यांच्या रांगा लागतात. आम्ही ज्या वर्षी अडकलो त्या वर्षी हे दोन्ही सण थोड्याच दिवसांच्या अंतराने आले, आणि शेजारच्या बौद्ध कुटुंबाने त्यांचे उरलेले दिवे नाताळासाठी आमच्या खिडकीत आणून ठेवले. रानवाट यांनी लिहिलेल्या खिळ्यांवरच्या हिमाच्या गोंड्यांसारखेच गोंडे आमच्या न्हाणीघराच्या दाराच्या बिजागरीवर येत असत, त्यामुळे ते वर्णन वाचताना हात आपोआप खिशात गेले.

ओसरी

रानवाट, मनापासून उत्तर दिलेत. खड्ड्याचे आणि ओंडक्याचे वाचून माझी आई डोळ्यांसमोर आली. आता एकच विचारते, त्या ताऱ्याचे पुढे काय झाले?

रानवाट

निघताना तो आम्ही गोठ्यातच तुळईला बांधून ठेवला होता. उन्हाळ्यात भैयांचा फोन आला तेव्हा कळले की कागद मेंढ्यांनी खाल्ला, काड्यांचा सांगाडा तेवढा राहिला आणि आजींनी तो काढू दिला नाही.

जुनीवही यांनी दिलेली नीस्कीच्या शाळेची माहिती मी परवा भैयांच्या मुलाला फोनवर सांगितली. तो आता नववीत आहे आणि केलाँगला शाळेत जातो. त्याने दोन गोष्टी विचारल्या. एक, जर्मनीतल्या त्या ताऱ्याला टोके किती असतात. दुसरी, नऊ टोकांच्या सांगाड्यावर कागद चढवायचा असेल तर एका टोकासाठी वहीचे पान कोणत्या मापात कापायचे, कारण आजी या वर्षीही हिवाळ्यात गावातच राहणार आहेत आणि त्यांनी त्याला बर्फ पडायच्या आत तारा तयार ठेवायला सांगितले आहे. पहिल्याचे उत्तर मी जुनीवही यांच्याकडून मागते. दुसऱ्यासाठी मैत्रीण वसईला वर्तमानपत्राचे नमुने कापत बसली आहे.